भोपळ्यातली म्हातारी, बोर्डवर : टीव्ही स्टोरीबोर्डच्या सरावाच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

काय करायचंय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे मधेच मोह झाला तर हे पान उघडता येईल.

गोरेगावच्या एका स्टुडिओत मी लेआउटला आहे. बोर्ड, म्हणजे स्टोरीबोर्ड : गोष्ट शॉटवार चित्रांत मांडलेली. बोर्ड विभागानं ठरवलेला शॉट माझ्याकडे येतो, मी पात्रं मापात बसवते, पार्श्वभूमीची रेघ काढते आणि फाइल अ‍ॅनिमेटरकडे सरकवते. आता मला एक टेबल अलीकडे जायचंय, बोर्डला. त्यासाठी पोर्टफोलिओत बोर्ड लागतात. माझ्या पोर्टफोलिओत सध्या झाडं आहेत. झाडं चांगली आहेत, पण झाडं बघून कोणी बोर्डला घेत नाही.

गोष्ट घेतली भोपळ्यातल्या म्हातारीची. एक तर ती कोणाच्या हक्काची नाही. दुसरं, ती सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यामुळे पुढे काय होणार यात बघणारा अडकत नाही, कसं दाखवलंय तेवढंच बघतो. आणि त्यात जाणं-येणं आहे, तेच प्रसंग पुन्हा येतात. टीव्हीसाठी बोर्ड करायला शिकणाऱ्याला याहून सोयीची गोष्ट मिळणं कठीण.

बंधनं मुद्दाम घालून घेतली आहेत. लांबी दोन मिनिटं, २५ फ्रेम प्रतिसेकंद, म्हणजे ३,००० फ्रेम. अ‍ॅनिमेशन कट-आउट रिगवर, म्हणजे सुटे भाग जोडून केलेल्या तयार बाहुलीवर, होणार असं धरायचं : प्रत्येक पात्र समोरून, थ्री-क्वार्टर (थोडं वळलेलं), बाजूनं आणि पाठमोरं, एवढंच तयार मिळेल. यापलीकडचा कोन मागितला की ती स्पेशल पोझ, आणि स्पेशल पोझ अख्ख्या बोर्डात तीनच. बीजी, म्हणजे पार्श्वभूमीची चित्रं, पाच. मोठ्या पडद्यासाठी काम करणाऱ्यांना हे जाचक वाटेल. पण टीव्हीचा ११ मिनिटांचा एपिसोड म्हणजे ६६० सेकंद. शॉटला सरासरी पावणेचार सेकंद धरले तरी पावणेदोनशेच्या आसपास शॉट होतात. एवढे शॉट कोणीतरी हातानं करायचे असतात, आणि ते संपेपर्यंत पुढचा एपिसोड दारात उभा असतो. लेआउटला बसून मी ते रोज बघते. बोर्डवाल्यानं गंमत म्हणून लावलेला एक वरचा कोन खाली चार जणांची संध्याकाळ खातो.

८ जून, रविवार

थंबनेल, म्हणजे शॉटची छोटी कच्ची चित्रं. काडेपेटीपेक्षा मोठं काढायचं नाही, मोठं काढलं की हात नटायला लागतो.

वाटणी अशी : जाताना कोल्हा २५ सेकंद, जाताना वाघ २५, लेकीचं घर २०, परतताना कोल्हा २०, परतताना वाघ ३०. बेरीज १२०. वाघाला शेवटी पाच सेकंद जास्त दिलेत, कारण खरी धाकधूक तिथे आहे.

१४ जून, शनिवार

आज चित्र एकही नाही, फक्त बाण.

म्हातारी लेकीकडे जाते ती डावीकडून उजवीकडे. परत येते ती उजवीकडून डावीकडे. एवढं एकदा पक्कं केलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. जाताना कोल्हा आणि वाघ उजव्या बाजूनं फ्रेममध्ये येणार, म्हणजे वाट अडवणार. परतताना ते डावीकडे. बघणाऱ्याला कोणी सांगायला नको की ही आता घरी चालली आहे.

पहिला विचार होता की परतीसाठी जंगलाचा बीजी आडवा उलटा करून वापरावा. तसं करून बघितलं, उन्हाची दिशा फिरते. पण त्याची गरजच नाही. वाघाचं झाड म्हातारीचं घर आणि लेकीचं घर यांच्या मध्ये आहे. ते फ्रेमच्या मधोमध ठेवलं की जाताना म्हातारी झाडाच्या डावीकडे उभी राहते, परतताना भोपळा झाडाच्या उजवीकडे. बीजी तोच, एक रेघसुद्धा नवी नाही. कोल्ह्याच्या बांबूच्या बेटाचंही तेच.

दिशा बदलते ती लेकीच्या अंगणात. उजवीकडे जाणारी म्हातारी एका कटमध्ये डावीकडे जाऊ लागली तर डोळा गोंधळतो, म्हणून मध्ये एक तटस्थ शॉट हवा. भोपळा अंगणात बरोबर समोरून, कॅमेऱ्याकडे तोंड करून. मागून लेक ढकलते, भोपळा थेट आपल्या अंगावर येतो, फ्रेम भरून टाकतो. त्या भरलेल्या फ्रेमवरच कट, आणि पुढच्या शॉटला तो डावीकडे निघालेला.

भोपळ्याच्या आतला बीजी एकच. आत बसलेल्या म्हातारीची नजरसुद्धा डावीकडेच हवी, कारण वाघ तिकडे आहे. मध्ये भोपळ्याची भिंत असली तरी दोघांमधली रेषा मोडत नाही. हे विसरायला फार सोपं आहे, बोर्डाच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

२१ जून, शनिवार

पहाटे दादरचा फूलबाजार. पावसाची रिपरिप, वही प्लास्टिकमध्ये.

बालचित्रांतली म्हातारी ठरलेली असते : पाठीत वाकलेली, काठी, अंबाडा. बाजारातल्या आज्यांना त्याचा पत्ता नाही. झेंडूची टोपली उचलणारी एक जण : आधी गुडघ्यावर हात, मग ओठ मुडपून श्वास, मग टोपलीच्या कडेला एक हात, आणि मगच पाठ सरळ. चार पोझ झाल्या आणि टोपली अजून जमिनीवरच आहे. उचलल्यानंतरची चाल मात्र तरतरीत, माझ्यापेक्षा वेगवान. आमची म्हातारी अशी करायची. उभं राहायला वेळ, एकदा निघाली की थांबायचं नाव नाही. वाघाशी असा सौदा करणारी बाई मरतुकडी कशी असेल?

भाव करतानाचे हातही टिपलेत. नाही म्हणताना तळवा खाली, शेवटचा भाव सांगताना तळवा वर. वाघाच्या प्रसंगात हे जसंच्या तसं जाणार आहे. 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन' हा मुळात भावच आहे : आत्ता हाडं मिळतील, थांबलास तर लोणी.

२९ जून, रविवार

उलटा बोर्ड. तयार फिल्म घ्यायची, प्रत्येक कटला थांबवायचं आणि शॉटचं थंबनेल काढायचं. शाळकरी वाटतं, पण कानाला जसा ठेका बसतो तशी यानं डोळ्याला लांबी बसते.

आज घेतली 'एक अनेक और एकता'. फिल्म्स डिव्हिजनची १९७४ ची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं. दूरदर्शनवर बघत वाढलेल्या पिढीला गाण्यासकट पाठ आहे, म्हणून आवाज बंद करून बघितली. आवाज नसतानाही जाळ्यात अडकलेल्या पक्ष्यांचा प्रसंग कळतो, कारण जाळ्यासकट उडताना सगळ्या पक्ष्यांचा मिळून एकच आकार होतो आणि डोळ्याला तेवढ्या एका आकाराचा पाठलाग करायचा असतो. रेघ किती साधी आहे! शिकारी, पक्षी, उंदीर, कोणालाच आतली कलाकुसर नाही. बाह्याकृती मात्र कुठेच कोणात मिसळत नाही.

माझ्या थंबनेलांवर जाड काळा मार्कर फिरवून नुसत्या सावल्या करून बघितल्या. कोल्हा आणि बांबू एकमेकांत जातात. कोल्ह्याला बेटाच्या पुढे, मोकळ्या आकाशावर आणलं.

६ जुलै, रविवार

आषाढी. आईला सोफ्यावर बसवून तिच्याकडून स्क्रॅच, म्हणजे तात्पुरता, आवाज घेतला. फोन, उशी आणि पंखा बंद. म्हातारी, वाघ, कोल्हा, तिन्ही तीच. 'वाघ असं विचारत नाही गं, वाघ आधी थांबतो,' म्हणून तिनं मला दोनदा अडवलं. तो थांबा फाइलमध्ये तसाच ठेवलाय.

१२ जुलै, शनिवार

भोपळा घरंगळणार की उड्या मारणार?

घरंगळणं डोळ्यांसमोर लगेच येतं. पण घरंगळणाऱ्या भोपळ्यावरच्या फोडींच्या खाचा फिरताना दाखवाव्या लागतात, देठ वर-खाली होतो, म्हातारी डोकावते ते भोक एकदा वर येतं, एकदा मातीत जातं. रिगवर हे सगळं महाग. आणि आतली म्हातारी उलटीपालटी होणार, म्हणजे आतल्या प्रत्येक शॉटला स्पेशल पोझ. उडी मारणारा भोपळा कायम उभा राहतो. एकच व्ह्यू, दाबला-ताणला की झालं, भोक नेहमी वर, आत म्हातारी बसलेली.

उडी १६ फ्रेमची धरली. 'टुणुक टुणुक' म्हणजे दोन उड्या, ३२ फ्रेम, सव्वा सेकंदाला थोडं जास्त. आईच्या आवाजात 'चल रे भोपळ्या' साधारण तेवढाच वेळ घेतं. म्हणून 'चल रे भोपळ्या'ला भोपळा जागच्या जागी थरथरतो आणि मग दोन उड्या. अडीच सेकंदांचा शॉट झाला. तीन ठिकाणी तो जसाच्या तसा वापरता येतो, मागचा बीजी तेवढा बदलायचा. बोर्डवर दुसऱ्या वेळी चित्र काढायचं नाही, नुसतं लिहायचं : 'शॉट १९ प्रमाणे, बीजी ३'. अ‍ॅनिमेटरच्या बाजूला बसल्यामुळे मला या एका ओळीची किंमत माहीत आहे. ती ओळ नसली की माणूस तोच शॉट पुन्हा पहिल्यापासून करायला घेतो.

२० जुलै, रविवार

ताईंकडे गेले. पूर्वी ज्या स्टुडिओत होते तिथल्या बोर्ड विभागाच्या त्या प्रमुख होत्या. सगळे ताईच म्हणतात. रफ पॅनल (बोर्डातल्या चौकटी) प्रिंट काढून नेली होती, कारण त्या स्क्रीनवर बघत नाहीत. जमिनीवर पसरली, त्या खुर्चीत, मी पाटावर.

आधी काहीच न बोलता सगळं बघितलं. मग लाल पेन्सिल.

'अगं, हा वाघ बोलतो, ही बोलते, हा बोलतो, ही बोलते. टेनिस आहे का?'

संवादाचे शॉट एकाआड एक क्लोजअपवर होते. त्यांनी दोन जागा दाखवल्या. एक : वाघ 'मी तुला खाणार' म्हणतो तेव्हा वाघ दाखवायचाच नाही, म्हातारीचा चेहरा दाखवायचा. वाक्य फ्रेमबाहेरून येतं. ओठ हलवायचे वाचतात हा फायदा दुसरा; पहिला हा की वाक्य जिच्यावर आदळतंय ती दिसते. दोन : एक टू-शॉट, म्हणजे दोघंही एकाच फ्रेममध्ये, लांब ठेवायचा आणि वाघाला काहीतरी काम द्यायचं. आता वाघ तिच्या गाठोड्याचा वास घेतो. ती बोलते, तो हुंगतो. त्याचं लक्ष खाण्यात आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

परतीच्या प्रसंगात वाघ प्रचंड दिसावा म्हणून मी खालून वर बघणारा कोन लावला होता. ताई म्हणाल्या, 'दिसतो छान. बिल कोण भरणार?' रिगमध्ये खालचा कोन नाही, स्पेशल पोझचा कोटा इथे संपला असता. मग तासभर त्यावरच. शेवटी त्यांनीच कोपऱ्यात काढून दाखवलं : पुढे, फ्रेमच्या दोन्ही कडांना वाघाचे दोन पंजे, अंधारे, अर्धे कापलेले, मधल्या फटीतून लांबवर उड्या मारत येणारा चिमुकला भोपळा. पंजे म्हणजे एक ओव्हरले, सगळ्यांच्या पुढे ठेवायचा वेगळा थर, एकदाच काढायचा, हलवायचा नाही. मागे तयार भोपळा, तयार बीजी. माझ्या मूळ शॉटपेक्षा भीती जास्त, खर्च जवळजवळ शून्य.

पॅनल कधी वाढवायचं याबद्दल त्यांचं म्हणणं : हात हलला म्हणून पॅनल नको, डोक्यात काही बदललं की पॅनल. त्यानुसार वाघ पहिल्यांदा दिसतो तिथे म्हातारीची चार पॅनल राहिली. थबकली. ओळखलं. घाबरली. आणि चौथं, जिथे काहीच हलत नाही, बुबुळं तेवढी एका बाजूला सरकतात. युक्ती सुचली. हे पॅनल नसेल तर पुढचा सौदा पाठ केल्यासारखा वाटतो.

२ ऑगस्ट, शनिवार

थोडं वाचन, थोडं बघणं.

काटकसर हा टीव्ही अ‍ॅनिमेशनचा जन्मापासूनचा स्वभाव आहे. १९५७ मध्ये एमजीएमनं कार्टून विभाग बंद केला आणि विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा टीव्हीकडे वळले. सिनेमागृहातल्या काही मिनिटांच्या फिल्मवर जेवढा पैसा आणि वेळ खर्च व्हायचा, तेवढा टीव्हीत मिळणं शक्यच नव्हतं. त्यांच्या कितीतरी प्राण्यांच्या गळ्यात कॉलर किंवा टाय असतो तो नटण्यासाठी नव्हे : डोकं वेगळ्या सेलवर (चित्राच्या पारदर्शक पत्र्यावर), धड वेगळ्या, जोड कॉलरखाली लपतो. धड स्थिर ठेवून नुसतं डोकं हलवता येतं. जपानमध्ये ओसामू तेझुका यांनी जानेवारी १९६३ पासून 'अ‍ॅस्ट्रो बॉय' दर आठवड्याला अर्धा तास द्यायला सुरुवात केली, तीही वापरलेल्या सेलचा साठा करून, तोच पुन्हा पुन्हा वापरून. त्या साठ्याला ते बँक म्हणत. आजची रिग लायब्ररी हीच, नाव तेवढं नवं.

आमच्या म्हातारीच्या गळ्यात ठसठशीत मण्यांची माळ आली. कारण वरचंच.

जपानी बोर्डाचा कागदही करून बघितला : उभा कागद, पाच चौकटी एकाखाली एक, शेजारी कृती, संवाद आणि अगदी कडेला सेकंद व फ्रेम. चित्र काढल्याबरोबर वेळ लिहावीच लागते, टाळता येत नाही. आमच्याकडच्या आडव्या तीन चौकटींच्या पानावर वेळेचा रकाना असून रिकामा राहतो. थंबनेलसाठी हाच कागद ठेवणार, अंतिम बोर्ड मात्र आडवा, कारण इथे सगळे तोच वाचतात.

१० ऑगस्ट, रविवार

पहिलं अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे बोर्डाची चित्रं वेळेत लावून, आवाज जोडून केलेली कच्ची फिल्म. स्टुडिओत स्टोरीबोर्ड प्रो हे सॉफ्टवेअर आहे, पण घरचं काम घरच्या मशीनवर, म्हणून क्रिता हे चित्रांचं सॉफ्टवेअर. ५.० पासून त्यात बोर्डाचं पॅनल आलंय, फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. लांबी लावणं आणि आवाज जोडणं वेगळ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये.

लांबी आली २ मिनिटं ३१ सेकंद. म्हणजे ७७५ फ्रेम काढायच्या.

आई 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा' हे ऐटीत, थांबत थांबत म्हणते. चार सेकंद धरले होते, जवळजवळ सात घेतले. घाईत म्हणायला लावलं तर त्यातला माल जातो. तेव्हा ते वाक्य कोल्ह्यापाशी पूर्ण, वाघापाशी अर्धं : 'तूपरोटी'पाशी कट करून वाघाचा चेहरा, उरलेलं वाक्य फ्रेमबाहेरून आणि वाघाच्या ओठावरून लाळेचा थेंब. एकदा ऐकलेलं वाक्य बघणारा मनात पूर्ण करतो, त्यावरून थोडं घाईनं गेलं तरी चालतं.

उरलेली कात्री कुठे लावायची? एडिट करताना हात आपोआप शांत जागांकडे जातो, कारण तिथे काहीच घडत नसतं. तिथे लावली नाही. चालण्याला लावली. जंगलातून चाललेली म्हातारी मी ज्या हौसेनं दाखवली होती ती हौस सगळी गेली : एक लाँग शॉट, तीन पावलं, कट, कोल्हा. लेकीच्या घरातलं जेवण दोन शॉटवर आलं. पहिल्यात ताट आणि हडकुळा हात, दुसऱ्यात रिकामं ताट आणि गुबगुबीत हात, फ्रेम तीच. म्हातारी जाड झाली हे सांगायला चेहरासुद्धा लागला नाही.

आता २ मिनिटं २ सेकंद. दोन सेकंद नंतर बघू.

१७ ऑगस्ट, रविवार

भाचा आलाय, वय सहा. त्याला आवाज बंद करून दाखवलं आणि गोष्ट मलाच सांग म्हटलं. (त्यानं आधी विचारलं, हे रंगवलेलं का नाही. रास्त प्रश्न.)

गोष्ट बरोबर सांगितली. भोपळा निघून गेल्यावर मात्र त्याची नजर फ्रेमच्या डाव्या कडेवरच. 'वाघ गेला कुठे?' वाघ पुढच्या शॉटमध्ये नसतो, माझ्या हिशेबानं भोपळ्यानं त्याला मागे टाकलं. त्याच्या हिशेबानं वाघ अजून तिथेच, कडेबाहेर दबा धरून. ही भीती खरं तर चांगली आहे, पण चुकीच्या जागी आहे. तिथे म्हातारीच्या सुटकेची गंमत यायला हवी. एक पॅनल वाढवलं : भोपळा फ्रेममधून जातो, वाघ मान वळवून बघत राहतो, मग खाली बसतो. चौदा फ्रेम. तेवढ्यात पंजाच्या शॉटमधून थोडं कापून बेरीज बरोबर २ मिनिटं.

३० ऑगस्ट, शनिवार, कुडाळ

गणपतीला आजोळी. पिंगुळी शेजारीच, म्हणून दुपारी चित्रकथी बघायला गेले.

ठाकर समाजानं ही कला जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं, दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. एका आख्यानाचा पूर्ण संच म्हणजे पोथी. वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीनं गाणारा प्रसंग सांगतो आणि त्या प्रसंगाचं चित्र समोर धरतो. प्रसंग संपला की चित्र उलटतो.

१९३० च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत वेब स्मिथ यांनी चित्रं वेगवेगळ्या कागदांवर काढून क्रमानं फळ्यावर टाचली, आणि तिथून स्टोरीबोर्ड सुरू झाला असं आम्हाला शिकवतात. ते बरोबरच आहे. पण चित्रांचा क्रम लावून, एकेक दाखवत, आवाज बदलत लोकांसमोर गोष्ट उभी करायची, हे आमच्या आजोळच्या वाटेवर त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, आणि ते मला कुठल्याही वर्गात कोणी सांगितलं नाही. असो.

कामाचं काय मिळालं : एक चित्र बराच वेळ टिकतं, कारण आवाज त्यातच फिरत असतो. आधी रथावर, मग धनुष्यावर, मग समोरच्यावर. चित्रात ती वाट आधीच आखलेली असते. आकृत्या बहुतेक बाजूनं, डोळे मोठे, कोण कोणाकडे बघतंय याबद्दल शंका नाही. माझ्या गाठोडं हुंगण्याच्या टू-शॉटमध्ये हीच वाट हवी : म्हातारीचा चेहरा, तिचा तळवा, गाठोडं, वाघाचं नाक. एका तिरप्या रेषेत. आज वहीत ती रेषा बसवली. मागे आजीची मोदकांची गडबड, तिचेही दोन स्केच झाले.

१३ सप्टेंबर, शनिवार

ताईंसमोर पिच, म्हणजे बोर्ड सादर करणं. उभं राहून, पॅनलवर पेनानं बोट ठेवत, सगळे आवाज स्वतः काढत. त्यांनी दोन धाकट्या सहकाऱ्यांनाही बसवून घेतलं होतं.

ताईंची पद्धत अशी : त्या चित्राकडे बघत नाहीत, आपण काय बोलतो ते लिहीत बसतात. 'इथे म्हणजे तिला कळतं की', 'हे खरं तर दुरून दिसतंय', 'मागे वाघ आहे बरं का' अशी वाक्यं निघाली की त्या पॅनलचा आकडा त्यांच्या कागदावर. शेवटी तो कागद माझ्या हातात. जे तोंडानं सांगावं लागलं ते पॅनलमध्ये नव्हतं, कारण बोर्डासोबत मी काही अ‍ॅनिमेटरच्या शेजारी जाऊन बसणार नाही.

बहुतेक आकडे भोपळ्याच्या आतल्या शॉटचे. आतला अंधार आणि म्हातारी एकाच करड्या छटेत होती. बदल : आत फक्त दोन छटा, भोकातून येणारा उजेडाचा पट्टा म्हातारीच्या डोळ्यांवर, बाकी सगळं गडद. वाघ भोकाशी आला की पट्टा विझतो. वाघ आतून दाखवायलाच नको. आणखी एक चित्र वाचलं आणि दोन्ही धाकटे त्या जागी एकदमच पुढे सरकले.

२७ सप्टेंबर, शनिवार

बोर्ड दोन स्टुडिओंकडे गेला. एकाकडून टेस्ट आली : दीड पान स्क्रिप्ट, तीन मॉडेल शीट (पात्रांची नमुना चित्रं), चार दिवस. गुप्ततेच्या कागदावर सही केल्यामुळे कथानक इथे लिहीत नाही, फक्त क्रम.

पहिली संध्याकाळ पेन्सिल कागदाला लावली नाही. स्क्रिप्ट मोठ्यानं वाचली आणि प्रत्येक ओळीपाशी लिहिलं की प्रसंग आत्ता कोणाचा आहे. मग खोलीचा वरून दिसणारा नकाशा : दार कुठे, खिडकी कुठे, कोण कुठून येतो, कॅमेरा कोणत्या बाजूला राहणार. नकाशावर सगळ्यांना चालवून बघितलं. दोन जण एकमेकांना आपटत होते, ते कागदावरच सोडवलं. दुसऱ्या दिवशी थंबनेल, तिसऱ्या दिवशी रफ, चौथ्या दिवशी नीट रेघ फक्त चेहऱ्यांना आणि हातांना. संवादाला हात लावला नाही. स्क्रिप्टमध्ये नसलेला एक विनोद सुचला होता, तो शेवटी वेगळ्या पानावर पर्याय म्हणून जोडला, मुख्य बोर्डात नाही. ज्या मालिकांत बोर्डवालाच संवाद लिहितो तिथे हा संयम कदाचित उलटा पडेल. इथे स्क्रिप्ट हातात दिली आहे, तर आधी स्क्रिप्ट.

स्पेशल पोझ एक. कुठे आणि का, ते टीपेत.

११ ऑक्टोबर, शनिवार

टेस्टचं उत्तर आलेलं नाही. दरम्यान आमच्याच स्टुडिओत एका एपिसोडच्या बोर्डावर करेक्शनचा ढीग साचला होता. सुपरवायझरना भोपळ्याची पीडीएफ दाखवली होती, त्यांनी पंधरा दिवसांसाठी मला बोर्डला बसवलं. दुसऱ्याच्या बोर्डावर, त्याच्याच हातासारखं काढायचं. आपली शैली घरी ठेवून यायची.

आजचं सगळ्यात अवघड : शॉट ४० मध्ये मुलाच्या उजव्या हातात डबा, ४१ मध्ये डाव्या. सरळ उपाय म्हणजे ४१ सुधारायचा. पण ४२ ते ४४ मध्ये तो उजव्या हातानं दार उघडतो, म्हणजे डबा डाव्याच हातात हवा. ४० मध्ये हात बदलताना दाखवायचा तर तेवढं अ‍ॅनिमेशन वाढतं. ४० ची फ्रेम कमरेच्या वर कापली. डबा दिसतच नाही. संवाद तेवढाच, पोझ तीच, चेहरा थोडा मोठा झाला आणि त्या ओळीला तो हवाच होता.

संध्याकाळी फाइल परत आली. ४० चा क्रॉप मंजूर. ४२ वर नवी टीप : दार उलट्या बाजूला उघडतंय. सोमवारी बीजीची फाइल उघडून बिजागरी कुठे आहे ते आधी बघायचं.